हजेरीची वही कोणाच्या हाती? नांगराच्या निशाणीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

१/
वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनज हे गाव आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस पिकवणारा हा वऱ्हाडी मुलूख. या मुलखात, आणि देशात सर्वत्रच, रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून एक नवी रीत सक्तीची झाली. मजुरांचे दिवसातून दोनदा मोबाइलवर छायाचित्र घ्यायचे, ते कामाच्या जागेच्या अक्षांश-रेखांशांसह सरकारी ॲपवर चढवायचे, आणि तीच हजेरी. छायाचित्र चढले नाही, तर दिवसभर उपसलेल्या मातीची मजुरी अडकू शकते. ज्याच्या घामाची ही नोंद, त्याला मात्र ती नोंद पाहता येईलच असे नाही.

२/
अशा अडचणींची चर्चा बहुधा एका वाक्यावर येऊन थांबते : खेड्यातील माणसाला तंत्रज्ञान कळत नाही. इतिहास पाहिला तर हे वाक्य टिकत नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या कामाची नोंद ठेवणे हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. तो शेकडो वर्षे जुना आहे, आणि महाराष्ट्राने त्याची निरनिराळी उत्तरे शोधली आहेत. काही उत्तरे टिकली, काही फसली. का टिकली आणि का फसली, हे समजून घेण्यासाठी प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावे लागतात. नोंद कोण लिहितो? आणि ज्याची नोंद आहे, त्याला ती उलट तपासता येते का?

३/
पहिले उत्तर मराठेशाहीच्या कागदपत्रांत सापडते. गावातील वतनाचा वा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे येई आणि निवाड्याचा महजर तयार होई. मजकूर मोडीत. तो लिहिणारा कुलकर्णी वा देशपांडे. परंतु मजकुराखाली गावकऱ्यांची जी मान्यता असे, ती अक्षरांत नसे. पाटलाची निशाणी नांगर, सुताराची किंकरे, न्हाव्याची आरसा. ज्याच्या हाताला जे हत्यार, तीच त्याची सही. आज मोबाइलच्या पडद्यावर ज्याला आयकॉन म्हणतात, त्याच जातीची ही योजना. चिन्ह असे निवडायचे की ते शिकावे लागू नये.

४/
तथापि, केवळ चिन्हावर ही व्यवस्था उभी नव्हती. नांगर काढणाऱ्या पाटलाला वरचा मोडी मजकूर वाचता येत असेच असे नाही. त्याचे संरक्षण दुसऱ्या गोष्टीत होते. मजकूर सभेत सर्वांसमोर ठरे, आणि सभेला आलेले लोक त्याचे साक्षीदार असत. कागद खोटा बोलू लागला, तर त्याला खोटे ठरवणारी माणसे गावातच होती. चिन्ह, तोंडी वाचन आणि साक्ष या तीन पायांवर निरक्षराचा व्यवहार उभा होता. यातला एक पाय काढला की काय होते, हे पुढच्या शतकात दिसले.

५/
कामाच्या मोबदल्याचेही तसेच. बलुतेदाराचा वाटा सुगीत, खळ्यावर दिला जाई. किती पेंढ्या, किती पायल्या, हे देणारा पाहतो, घेणारा पाहतो आणि शेजारी उभे असलेलेही पाहतात. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, वेठ होती, अन्याय होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र हिशेबाच्या दृष्टीने तिची एक बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. मोबदल्याचे माप उघड्यावर होते आणि ते समजण्यासाठी वाचता येण्याची गरज नव्हती. अन्याय झाला तर तो निदान दिसत असे.

६/
१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढे रेल्वे आली, कापसाचा बाजार वाढला, रोख मजुरी आणि लेखी करार वाढले. आता समोरचा माणूस गावचा राहिला नाही. ठेकेदार बाहेरचा, कचेरी दूरची, कायद्याची भाषा परकी. निशाणी ओळखणारी गोतसभा या व्यवहारात कुठेच नव्हती. मग कागदावर उमटलेली खूण याच माणसाची कशावरून, हा प्रश्न राज्यकर्त्यांना पडला.

७/
त्याचे उत्तर बंगालमध्ये सापडले, आणि तेही एका कामाच्या करारातून. १८५८ साली हुगळीकाठच्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्यासाठी लागणाऱ्या मालाचा करार राज्यधर कोनाई या पुरवठादाराशी केला. कराराच्या मागे त्याने कोनाईच्या पंजाचा ठसा घेतला. आपली सही नाकारण्याचा विचार कोनाईच्या मनात येऊ नये म्हणून त्याला वचक बसवावा, हा आपला हेतू होता, असे हर्शेलने पुढे स्वतःच नमूद केले. या प्रयोगातूनच बोटांच्या ठशांची पद्धत वाढली आणि जगभर गेली.

८/
नांगराची निशाणी आणि अंगठ्याचा ठसा यांत एक मूलभूत फरक आहे. नांगर हा माणूस स्वतः काढतो. तो त्याची ओळख सांगतो, त्याचे काम सांगतो. अंगठा माणसाकडून घेतला जातो. तो फक्त इतकेच सिद्ध करतो की हे शरीर येथे हजर होते. कागदात काय लिहिले आहे ते त्याला कळले की नाही, याच्याशी ठशाला देणेघेणे नाही. निरक्षरासाठी साधन सोपे झाले, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात ते कचेरीसाठी सोपे झाले. हा फरक पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आडवा येतो.

९/
महाराष्ट्रात हे दुखणे सर्वांत स्पष्ट ओळखले ते जोतीराव फुले यांनी. फुले सार्वजनिक बांधकामाची कंत्राटे घेत. कामावर मजुरांची हजेरी कशी लागते, माप कोण घेतो, पैसा कुठे झिरपतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८८३ साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी निरक्षर शेतकरी आणि लेखणी हाती असलेला कामगारवर्ग यांच्यातील संबंधांची चिरफाड केली. फुल्यांच्या दृष्टीने अक्षरज्ञान हा शोभेचा अलंकार नव्हता. ती हिशेब तपासण्याची ताकद होती, आणि ती एकाच वर्गाच्या हाती असणे हेच शोषणाचे मूळ होते.

१०/
याच दशकात मजुरांच्या नोंदीचे एक विराट यंत्र उभे राहिले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा आला. पुढे प्रांतोप्रांती संहिता झाल्या. दुष्काळी कामावर येणाऱ्या लोकांच्या टोळ्या पाडायच्या, टोळीवर मुकादम नेमायचा, मस्टरवर नावे चढवायची, केलेल्या कामाचे माप घ्यायचे आणि त्यावरून मजुरी ठरवायची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाडासह महाराष्ट्रभर खडी फोडणाऱ्या लाखो हातांचे आयुष्य या मस्टरवर टांगलेले होते.

११/
या यंत्राचा वापरकर्ता कोण होता? कागद कोणासाठी आखला होता? उत्तर स्पष्ट आहे : वरिष्ठ कचेरीसाठी. रकाने खर्चाचा ताळा लागावा म्हणून होते. मजुराला त्यातून काही विचारण्याची सोय नव्हती. संहितेत त्याचे काही हक्क लिहिलेले होते, पण ते इंग्रजीत, पुस्तकात. मजूर आणि मस्टर यांच्यामध्ये मुकादम आणि कारकून उभे होते, आणि त्यांच्या तोंडून येईल तेवढाच कायदा मजुरापर्यंत पोहोचत होता.

१२/
म्हणूनच १८९६-९७ मधील एक घटना या इतिहासात फार मोलाची आहे. टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी दुष्काळ संहितेतील तरतुदी मराठीतून लोकांना समजावण्याची मोहीम काढली. पत्रके वाटली, गावोगाव प्रतिनिधी पाठवले, सभा घेतल्या. काम मागण्याचा हक्क काय, सूट कधी मिळते, हे लोकांना तोंडी सांगितले. सरकारने लिहिलेला कायदाच लोकांना वाचून दाखवला जात होता, तरीही सरकार अस्वस्थ झाले. १८९७ मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यात आली. नियम वाचता येणारा मजूर हा नियम न वाचता येणाऱ्या मजुराहून वेगळा माणूस असतो, हे दोन्ही बाजूंना कळले होते.

१३/
आता याच काळातील एका वेगळ्या उत्तराकडे वळावे लागेल, कारण ते कोणत्याही कचेरीने तयार केलेले नाही. मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचा व्यवसाय सुरू केला, असे मानले जाते. काम करणारी माणसे मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड, अकोले या भागांतून आलेली, शालेय शिक्षण बेताचे. डबे वाढले तशी एक अडचण उभी राहिली : एकच डबा दिवसभरात अनेक हातांतून जातो. मग तो कुठून आला आणि कुठे जायचा, हे प्रत्येकाला क्षणात कसे कळावे?

१४/
आरंभी रंगीत धागे बांधले जात, पुढे झाकणावर रंगाने खुणा आल्या. हळूहळू एक सांकेतिक लिपी घडली. एका खुणेवरून डबा कोणत्या स्थानकावरून निघाला ते कळते, ठळक अंकावरून कोणत्या भागात उतरवायचा ते, आणि उरलेल्या अक्षर-अंकांवरून इमारत आणि मजला. पूर्ण पत्ता डब्यावर कुठेच नसतो, आणि ग्राहकाचे नावही नसते. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस खुणेचा फक्त आपल्यापुरता भाग वाचतो. चर्चगेटच्या फलाटावर डबे वेगळे करणाऱ्याला अंक पुरेसा आहे. मजला पाहण्याचे काम पुढच्याचे.

१५/
२०१० मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने या व्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगात तिचे कौतुक झाले. कौतुकाच्या भरात मुख्य गोष्ट निसटते. ही लिपी वापरणाऱ्यांनीच घडवली. चुकली की त्याच दिवशी त्यांनाच त्रास होई, म्हणून ती सुधारत गेली. येथेही मुकादम आहे, पण तो टोळीतलाच, स्वतः डबे उचललेला. दुष्काळी कामावरचा मुकादम कचेरीला उत्तर देई, डब्यांचा मुकादम आपल्या गटाला. शब्द एकच, व्यवस्था उलट. साक्षरता कमी असूनही काम बिनचूक होण्याचे रहस्य रंगात नाही, या उत्तरदायित्वात आहे.

१६/
स्वातंत्र्यानंतर मस्टरचा प्रश्न पुन्हा राज्याच्या केंद्रस्थानी आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रयोग झाला. १९७२ चा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम हा मजुराचा कायदेशीर हक्क ठरला. जगातही अशी उदाहरणे तेव्हा दुर्मीळ होती.

१७/
हक्क नवा होता, कागद मात्र जुनाच. मजुरी ठरे ती मातीच्या मापावरून : लांबी, रुंदी, खोली, मातीचा प्रकार, मुरूम की दगड, आणि त्याचा दर. हे गणित मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याच्या हाताने होई. मस्टरवर नावे, नावांपुढे अंगठे. मजुराला आठवड्याच्या शेवटी जी रक्कम मिळे, ती कशी आली हे त्याला सांगता येत नसे. खोट्या नावांची मस्टरे हा महाराष्ट्राच्या राजकारणातील कायमचा विषय झाला, तो यामुळेच. अंगठा खरा की खोटा, हे कागदावरून कोणालाच कळत नव्हते.

१८/
गंमत अशी की त्याच कामावर एक नोंद अशी होती, जी कोणालाही वाचता येई. खोदकाम करताना मध्ये मध्ये मातीचे खुंट न खोदता तसेच ठेवतात. जमीन मुळात किती उंच होती आणि खड्डा किती खोल गेला, हे त्या खुंटावरून दिसते. माप घेईपर्यंत खुंट पाडायचा नसतो. बिनअक्षरांचे हे मोजमाप पुस्तक मजूर, मुकादम आणि अभियंता असे तिघेही एकाच वेळी वाचू शकतात. कागदाने हे साधे तत्त्व स्वीकारले असते, तर कितीतरी भांडणे जागीच मिटली असती.

१९/
पुढचे वळण १९९८ चे. त्या वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. त्याच वर्षी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी कृतिगट नेमला आणि वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाचा प्रारंभ झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे, त्यांत ५४ संगणक केंद्रे. शेतमालाचे भाव, आरोग्य, शिक्षण, रोजगार, सातबारा असे सारे गावातच मिळेल, ही अपेक्षा होती. ग्रामीण संगणकीकरणाचा देशातील हा अगदी आरंभीचा मोठा प्रयत्न.

२०/
काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरु येथील संशोधन विभागाने या केंद्रांचा वापर तपासला. मोठी स्वप्ने मागे पडली होती. संगणक मुख्यतः उसाच्या कामापुरते चालत होते. शेतकरी येऊन ठरावीक गोष्टी विचारत : तोडणीचा परवाना केव्हा, ऊस किती टन भरला, खत किती उचलले, हिशेबात काय जमा-खर्च पडले. याला अपयश म्हणणे सोपे आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर लोकांनी स्वतःच सांगून टाकले होते की त्यांना कशाची गरज आहे. ज्या माहितीवर वर्षाची कमाई अवलंबून, तीच माहिती. बाकीच्या दालनांत कोणी फिरकले नाही.

२१/
यातून राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला. सात गावांत, आठ महिने, संगणकाच्या जागी मोबाइल आणि साधे लघुसंदेश. शेतकऱ्याचा सांकेतिक क्रमांक आणि काय हवे त्याची खूण पाठवायची, उत्तर अंकांत येते. संगणकावर होणारी सर्व कामे यातून झाली. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनी जुन्यापेक्षा हीच पद्धत अधिक पसंत केली. चित्रे नाहीत, रंग नाहीत, चकचकीत पडदा नाही. तरी ती चालली, कारण प्रश्न शेतकऱ्याचा होता आणि उत्तर त्याच्या ओळखीच्या अंकांत होते.

२२/
अंकांचा हा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. अक्षर न वाचणारी माणसे अनेकदा आकडे वाचतात. नोटा, बसचा क्रमांक, वजनकाटा, फोन यांनी त्यांना ते शिकवलेले असते. त्याच काळात इंद्राणी मेधी यांनी बंगळूरुमधील घरकामगार स्त्रियांसाठी काम शोधण्याचे अक्षरविरहित ॲप्लिकेशन तयार करून पाहिले. चित्रे, आवाज आणि आकडे यांवर ते चाले. त्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासांतून काही गोष्टी पुढे आल्या : क्रिया दाखवणारी साधी रेखाचित्रे चटकन कळतात, एकात एक दडलेल्या याद्यांमध्ये माणूस हरवतो, सरळ एकसंध यादी बरी पडते.

२३/
याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष अधिक खोल आहे. स्त्रियांना बटणे कळली, तरी त्या थबकत. ही कामाची माहिती या यंत्रात आली कुठून, आणि आपण बोट लावल्यावर पुढे काय होणार, हे त्यांना ठाऊक नव्हते. माहिती देणारी मालकीण, ती नोंदवणारा माणूस आणि काम मिळवणारी बाई अशी पूर्ण साखळी एका छोट्या चलचित्रातून दाखवल्यावर वापर सुधारला. अडचण बोटांची नव्हती, विश्वासाची होती. महजर सभेत वाचून दाखवण्यामागे जी गरज होती, तीच येथे विसाव्या शतकानंतर पुन्हा उभी राहिली.

२४/
२००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राची कल्पना देशभर नेली, आणि नोंदीच्या बाबतीत तिच्यापुढे एक पाऊल टाकले. जॉब कार्ड कुटुंबाच्या ताब्यात राहील, त्यात काम आणि मजुरी भरली जाईल, मस्टर कामाच्या जागी पाहायला मिळेल, आणि ग्रामसभा सामाजिक अंकेक्षण करील. नोंदीची एक प्रत मजुराच्या हाती आणि तिची तपासणी गावासमोर, असा हा विचार. गोतसभेतील वाचन आणि सार्वजनिक सभेची पत्रके या दोन्ही धड्यांचा अर्क कायद्यात उतरला होता, असे म्हणता येईल.

२५/
त्यानंतर संगणक आला तो प्रामुख्याने कचेरीच्या बाजूने. मस्टर ऑनलाइन झाले, मजुरी बँक आणि टपाल खात्यात जाऊ लागली. मध्यस्थाच्या हातातून रोकड गेली, हा मोठा लाभ होता. मे २०२१ मध्ये मोबाइल हजेरीचे ॲप आले, मे २०२२ पासून २० वा अधिक मजुरांच्या कामांना आणि जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्वांना ते लागू झाले. खोटी हजेरी रोखणे हा हेतू होता. परंतु जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की असंबद्ध छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढले जात आहे, आणि म्हणून माणसांनी ती तपासावीत.

२६/
म्हणजे अंगठ्याच्या जागी चेहरा आला, पण स्वरूप तेच राहिले. हर्शेलच्या ठशाप्रमाणे छायाचित्रही एवढेच सांगते की शरीर येथे हजर होते. तेही नेहमी खरे सांगत नाही. किती माती निघाली, किती मजुरी बसली, पैसा कुठे अडला, यांतले काहीच मजुराला त्या पडद्यावरून कळत नाही. माहिती गावातून वर जाते. वरून गावात काय परतते, हा प्रश्न आराखड्यात दुय्यम राहतो. १८८३ च्या मस्टरचे रकाने आणि २०२३ चे ॲप यांच्यात एकशे चाळीस वर्षांचे अंतर आहे, दृष्टीचे अंतर मात्र थोडेच.

२७/
धनजसारख्या गावात आज कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या जागा कितीतरी आहेत : रोजगार सेवकाकडील कामे, बचत गट, शेतकरी गट, कृषी सेवा केंद्र, कापूस वेचणीच्या टोळ्या. त्यांच्यासाठी कोणी साधे सॉफ्टवेअर करू म्हटले, तर वरील इतिहास त्याला फारसा खर्च न करता बरेच काही शिकवतो. आयकॉन शहरातून आणण्यापेक्षा तेथील कामातून घ्यावा : वखर, वेचणीची ओटी, फवारणीचा पंप. आकडे मोठे दिसावेत, आवाज वऱ्हाडी कानाला ओळखीचा असावा. डबेवाल्यांप्रमाणे ज्याला जेवढे लागते तेवढेच त्याच्यासमोर यावे. आणि वारणेप्रमाणे आरंभ एकाच प्रश्नापासून व्हावा, ज्याचे उत्तर लोकांना खरोखर हवे आहे.

२८/
या सर्वांआधी मात्र एक कसोटी आहे. वेचणीची मुकादमीण संध्याकाळी वजनकाट्यापाशी किलो नोंदवते, तेव्हा वेचणाऱ्या बाईला तो आकडा तिथल्या तिथे ऐकू येतो का? चुकला असेल तर दुरुस्त करवून घेता येतो का? आठवड्याने पैसे हाती येताना सातही दिवसांचे आकडे तिला पुन्हा ऐकता येतात का? हे जमले, तर पडदा साधा असो वा महागडा, ते साधन तिचे झाले. न जमले, तर सर्वांत सोपे बटणही तिच्यासाठी अंगठ्याच्या ठशाइतकेच मुके आहे.

२९/
महाराष्ट्रात कामाच्या नोंदीचा इतिहास लिहिताना नेहमी कायद्यांची आणि यंत्रांची यादी होते. त्या यादीत खोदकामातील मातीच्या खुंटाला जागा मिळत नाही. खरे तर तो तेथे असायला हवा. माप घेईपर्यंत तो उभा राहतो, आणि खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या कोणालाही त्याच्याकडे पाहून आपले काम किती झाले ते सांगता येते.